‘तीन सीट’ पास होण्याआधी

मित्रांनो, तुमचे आईबाबा लहान असताना ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचे, तो डबा म्हणजे मी. माझा रंग मूळचा पांढरा, आता चहात बुडवलेल्या पावासारखा झाला आहे. समोरचं एक बटण कायमचं आत गेलेलं आहे. पाठीमागे लाल आणि पिवळ्या पिनांची भोकं आहेत आणि वर कॅसेट बसवायची खाच आहे. त्या खाचेला मी माझं तोंड समजतो. माझं वय पंचवीस. माणसांत हे वय लग्नाचं, आमच्यात भंगाराचं. तरी मी अजून कामावर आहे. ते काम हातचं कसं जाता जाता राहिलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीत झाला. मी कुठल्या बड्या घराण्यातला नाही. माझ्या आतला हिरवा सर्किट बोर्ड लांबच्या देशातून पोत्यात भरून आला होता. अंगावरचं प्लास्टिक इथेच दोन गल्ल्या सोडून ओतलं होतं. माझ्या कपाळावर जे इंग्रजी नाव छापलं होतं त्यात दोन अक्षरं चुकलेली होती, आणि ती कुणाला खटकलीही नाहीत. चिमी नावाची एक बाई मांडी घालून बसायची आणि दिवसाला माझ्यासारखे तीस-चाळीस डबे जोडायची. तारेला कथलाचा डाग दिला की ती त्यावर हळूच फुंकायची आणि डबा बाजूला सरकवायची. माझ्यासोबत मिळणाऱ्या कॅसेटवर ‘नऊशे नव्याण्णव खेळ’ असं लिहिलेलं होतं. आत होते सतरा. उरलेले तेच खेळ पुन्हा पुन्हा, नुसते रंग बदलून. आमच्या धंद्यात याला कुणी फसवणूक म्हणत नसे, सगळे हसून सोडून देत.

मला बबनराव घेऊन गेले. ते अंबरनाथच्या मोठ्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. कामगारांनी बनवलेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते त्याला गेज, म्हणजे मापाचं साधन, लावून बघायचे, आणि बरोबर असेल तरच ‘पास’चा शिक्का बसायचा. मला विकत घेतानासुद्धा त्यांनी दुकानात एक तास उभं राहून माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं होतं. दुकानदार वैतागला. पण मला बरं वाटलं, कारण एवढ्या बारकाईने मला कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांची मुलगी स्वप्नाली तेव्हा सहा वर्षांची होती. घरात तिला सपू म्हणत. बाप-लेक दोघं रविवारी जेवण झालं की माझ्यासमोर बसायचे. बबनरावांचा आवडता खेळ एकच. एक छोटं विमान वर जायचं, वरून दगड पडायचे, ते चुकवायचे. बस, एवढंच. सपूला तो कंटाळवाणा वाटे, पण बाबांची पाळी आधी, हा घरचा कायदा होता. कॅसेट चालली नाही की दोघंही माझ्या तोंडात फुंकर मारत. मित्रांनो, तुमच्या आईबाबांनीही हे नक्की केलं असणार. त्याने आम्हाला काडीचा फायदा होत नाही, उलट थुंकीने आतल्या पट्ट्या गंजतात. पण तो एक प्रेमाचा प्रकार होता, म्हणून आम्ही सहन केला.

पुढे मोबाइल आले. मला उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं गेलं. शेजारी एक फुटका पाट आणि पाण्याचा एक जुना फिल्टर होता. बारा वर्षं मी त्यांच्यासोबत काढली. त्या वर्षांबद्दल मी जास्त बोलणार नाही. काही झालंच नाही, तर सांगणार काय?

मग सगळं बंद पडलं होतं त्या काळात, माणसं घरात कोंडलेली असताना, सपूने मला खाली काढलं. ती आता बदलापूरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने मला पुसलं, जोडलं, आणि मी चालू झालो. खरं सांगतो, मलाही आश्चर्य वाटलं. तिने इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा तिला कळलं की जगात काही वेडी माणसं अजूनही माझ्यासारख्या डब्यांसाठी नवे खेळ लिहितात. कुणी पगार देत नाही, कुणी सांगितलेलं नसतं. हौस म्हणून लिहितात, कॅसेटवर भरतात आणि एकमेकांना देतात. सपूने ते शिकून घेतलं. माझ्या डोक्यात जागा फार थोडी आहे, तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोत मी कितीतरी वेळा मावेन. एवढ्याशा जागेत खेळ बसवायला डोकं लागतं, आणि ते तिच्याकडे होतं.

तिचा पहिला खेळ गेल्या वर्षी बाहेर पडला. चाळीस कॅसेट गेल्या. तिसऱ्या टप्प्यावर खेळातला माणूस जमिनीत रुतायचा आणि तिथेच खेळ अडकायचा. सपूने तो फक्त कॉम्प्युटरवर तपासला होता. कॉम्प्युटरवर एक सोय असते, ती माझी नक्कल करते. तिथे तो खेळ नीट चालायचा. माझ्यावर तिने तो लावलाच नव्हता. चाळीस घरांतून तक्रारी आल्या. कुणीतरी लिहिलं, ‘स्वतः खेळून तरी बघायचा होता.’ सपू त्या दिवशी जेवली नाही. त्यानंतर पाच महिने तिने एक ओळ लिहिली नाही.

बबनराव तोपर्यंत निवृत्त झाले होते. ते एकदा तिच्या शेजारी बसून म्हणाले, “सपू, तुझं बनवण्यात काय चुकलं नाही. माल न तपासता गेटाबाहेर सोडला, तिथे चुकलं.”

“मग काय करू, पप्पा?”

“तू बनव. मी तपासतो. मला दुसरं काम काय आहे? तुझी आई मला भाजी पण आणू देत नाही.”

“तुम्ही आणलेली भेंडी बघितली का कुणी?” सपूची आई, माया, स्वयंपाकघरातून म्हणाली.

अशा रीतीने ‘तीन सीट’ सुरू झाला. खेळ शेअर रिक्षाचा. कॅम्प पाचपासून कॅम्प दोनपर्यंत रिक्षा न्यायची. वाटेत खड्डे, गाई, उलटी येणारी स्कूटर. रस्त्यात हात करणारी माणसं बसवायची, पण मागे तीनच सीट. खेळ एकदम आमच्या भागातला होता. सपू संध्याकाळी लिहायची, पुन्हा पुन्हा पुसून भरता येणाऱ्या एका कॅसेटवर उतरवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बबनराव चष्मा लावून, वही उघडून माझ्यासमोर बसायचे.

मित्रांनो, खेळ बनवणं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल. पण बनवलेला खेळ घासूनपुसून नीट करणं म्हणजे काय, ते मी त्या वहीत पाहिलं. पहिल्या आठवड्यात बबनरावांनी लिहिलं, ‘हॉर्न कानाला लागतो.’ सपूने आवाज बदलला. मग, ‘गाय फार पळते. गाय अशी पळत नाही.’ गाय सावकाश झाली. मग, ‘वरचा आकडा दिसत नाही.’ ही चूक कॉम्प्युटरवर कधीच कळली नसती. आमच्या जुन्या जाड टीव्हीच्या काठाखाली वरच्या दोन ओळी लपतात, आणि पैसे किती झाले ते नेमकं तिथेच लिहिलेलं होतं. सपूने आकडा खाली आणला. पण मला सगळ्यांत आवडली ती ही नोंद: ‘म्हातारी चढल्यावर रिक्षा लगेच सुटते. तिला आधी बसू दे.’ सपू ते वाचून हसली, आणि म्हातारी बसेपर्यंत रिक्षा थांबेल असं तिने केलं. अर्ध्या सेकंदाचा फरक. त्या दिवसापासून मला त्या खेळाचा लळा लागला.

मायाताई पण एकदा खेळल्या. त्यांचं म्हणणं पडलं, “ड्रायव्हरच्या बाजूला चौथा बसवतात की. तो कुठे आहे?”

“ते नियमात नाही,” बबनराव म्हणाले.

“रोज बसता तेव्हा नियम कुठे जातो?”

चौथी सीट काही मिळाली नाही. पण त्या आठवडाभर या विषयावरून घरात कुरकुर चालू होती.

आता बबनरावांची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. ते रोज सकाळी आधी त्यांची जुनी कॅसेट लावत. विमान, दगड, एक डाव. मग ती काढून लगेच सपूची नवी कॅसेट बसवत. कारखान्यात ते काम सुरू करण्याआधी गेज फडक्याने पुसून घेत, तसंच हे, असं ते म्हणायचे. हात सुटतो, डोळे जागे होतात. अकरा आठवडे हा क्रम एकदाही चुकला नाही. मलाही तो आवडायचा.

बाराव्या आठवड्यात तारीख ठरली. रविवारी पुण्यात जुन्या खेळांच्या हौशी लोकांचा मेळावा होता, तिथे साठ कॅसेट न्यायच्या होत्या. कॅसेट भरायचं काम प्रीतमकडे होतं. तो सपूच्या वयाचा, सिंधी, कॅम्प दोनमध्ये त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान. त्याच्याकडच्या चिपांवर एकदाच लिहिता येतं. एकदा लिहिलं की लिहिलं, खोडता येत नाही. आणि त्याच्याकडे साठच चिपा होत्या.

सपूने घरी स्पष्ट सांगितलं होतं. “हा पण फसला ना, तर मी सोडून देणार. परत नाय लिहिणार.” ती हे रागाने बोलली नव्हती. नीट विचार करून, भांडी पुसता पुसता बोलली होती. म्हणून आम्हा सगळ्यांना ते खरं वाटलं.

शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, पण त्या दिवशी लवकर गेली. बबनरावांचं विमान चालवून झालं होतं, रिक्षा कॅम्प चारपर्यंत आली होती, आणि टीव्ही काळा झाला. त्यांनी माझं बटण बंद केलं आणि कॅसेट तशीच माझ्या तोंडात राहू दिली. वीज आली तेव्हा साडेचार वाजले होते. संध्याकाळी प्रीतमला होकार द्यायचा होता, म्हणून घाई होती. बबनरावांनी या वेळी विमान वगळलं आणि सरळ ‘तीन सीट’ चालू केला.

रिक्षा स्टँडवर उभी होती. मागे कुणी नव्हतं. म्हातारीने हात केला, रिक्षाजवळ आली, आणि मागे फिरली. मग पिशवीवाला आला, तोही फिरला. कुणीच चढेना. कोपऱ्यात सीटांच्या तीन चौकटी होत्या, त्या तिन्ही भरलेल्या दिसत होत्या. रिकामी रिक्षा स्वतःला भरलेली समजत होती.

बबनरावांनी मला बंद करून लगेच चालू केलं. तेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. त्यांनी वहीत वेळ टाकून लिहिलं, ‘प्रवासी चढत नाहीत.’ मग चष्मा काढून डोळे चोळले.

सपू साडेसहाला आली. तिने वही वाचली आणि खांद्यावरची पर्स न काढताच माझ्यासमोर बसली. “आधी डबा ठीक आहे का बघते,” असं म्हणून तिने विमानाची कॅसेट लावली. विमान झकास उडालं. मग तिने लगेच ‘तीन सीट’ लावला. म्हातारी चढली, बसली, रिक्षा सुटली.

“चालतंय की, पप्पा.”

“मगाशी चालत नव्हतं.”

तिने तसंच, आधी विमान आणि मग रिक्षा, पुन्हा लावून पाहिलं. दहा वेळा. दहाही वेळा चाललं. मित्रांनो, मी काय करू शकत होतो? जे माझ्या पोटात होतं तेच मी पडद्यावर दाखवत होतो. दोन्ही वेळा मी खरंच बोललो होतो. पण जो कधी एक बोलतो, कधी दुसरं, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

सपूने प्रीतमला फोन लावला आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तो म्हणाला, “अरे, लाइट गेली-आली त्यात झटका बसला असेल डब्ब्याला. पचीस साल पुराना आहे तो. कॉम्प्युटरवर चालतंय ना?”

“एकदम बरोबर चालतंय.”

“मग गेम में प्रॉब्लेम नाय आहे. डब्बा गेला. मी दुसरा शोधून देतो तुला नंतर. बोल, लिहू का?”

सपूने बाबांकडे पाहिलं. तिला हवं होतं की माझीच चूक निघावी. तिला दोष देत नाही मी. तिच्या जागी मी असतो तर मलाही तेच हवं असतं.

“मी सही नाही करणार,” बबनराव म्हणाले. “एकदा नापास झालेला माल कारण सापडल्याशिवाय पास होत नाही.”

“पप्पा, रविवारी मेळावा आहे. आणि हा काय कारखाना नाहीये.”

 बबनरावांनी वही मिटली आणि पेन खिशात ठेवलं. सपूने फोनवर सांगितलं, “लिही.” मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, “हा पण काढून टाकूया आता. भंगारवाला आला की दे.”

मायाताईंनी मला उचलून दाराजवळच्या रद्दीवर ठेवलं. आपण चुकलो नाही हे माहीत असताना मोडीत निघायचं, यासारखं वाईट काही नाही. माळ्यावरच्या बारा वर्षांत मला जेवढं वाटलं नव्हतं तेवढं त्या संध्याकाळी वाटलं. आणि साठ घरांत साठ रिक्षा रिकाम्या उभ्या राहणार, हेही माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

शनिवारी सकाळी मायाताईंनी वंदना केली, उदबत्ती लावली, चहा टाकला. सपू सुट्टी असल्याने झोपली होती. बबनरावांनी चहाचा कप हातात घेतला, रद्दीपाशी आले, दुसऱ्या हाताने मला उचललं आणि पुन्हा टीव्हीला जोडलं.

“काय करताय?” मायाताईंनी विचारलं.

“गेजच चुकतंय म्हणायचं, तर गेज तपासायला पाहिजे ना आधी. उगाच कसं टाकून द्यायचं?”

त्यांनी सरळ ‘तीन सीट’ लावला. मी रात्रभर बंद होतो. म्हातारी मागे फिरली. बबनरावांना वाईट वाटलं नाही, उलट ते खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांनी वहीचं नवं पान घेतलं आणि मधोमध रेघ मारली. एकीकडे ‘चाललं’, दुसरीकडे ‘नाही’. मग विमानाची कॅसेट, आणि लगेच रिक्षा. चाललं. मग मला पाऊण तास बंद ठेवलं, तेवढ्यात अंघोळ करून आले, आणि सरळ रिक्षा. नाही. पुन्हा विमान, पुन्हा रिक्षा. चाललं.

ते वहीकडे बघत राहिले.  मग हळूच म्हणाले, “अरे, हे तर मीच करतोय.”

ते सपूच्या खोलीत गेले आणि तिला हाक मारली. ती डोळे चोळत बाहेर आली तेव्हा बबनराव उभेच होते. साहेबासमोर उभं राहावं तसे.

“सपू, चूक माझी आहे.”

“काय झालं?”

“मी रोज आधी माझं विमान लावतो. अकरा आठवडे. माझा खेळ सुरू होताना डब्याची पाटी पुसून घेतो बहुतेक, आणि मग तुझा खेळ त्या पुसलेल्या पाटीवर चालतो. काल वीज आल्यावर मी विमान लावलं नाही. तू आलीस आणि परत विमान लावलंस, म्हणून तुझ्या वेळी चाललं. पाटी पुसलेली नसली की तुझी रिक्षा बिघडते. एवढे दिवस ते झाकलं मी. तपासणीवाल्याने असं करायचं नसतं.”

सपूची झोप क्षणात उडाली. तिला सगळं कळलं, आणि मलाही. मित्रांनो, सोप्या शब्दांत सांगतो. मी बराच वेळ बंद राहून चालू झालो की माझ्या डोक्यात वाटेल ते आकडे पडलेले असतात. सगळ्या जुन्या डब्यांचं असंच असतं. शहाणा खेळ सुरुवातीलाच ते झाडून काढतो. कॉम्प्युटरवरची माझी नक्कल मात्र फार टापटिपीची. ती उठतेच मुळी स्वच्छ होऊन. सपूकडून सुरुवातीला ‘सीटा शून्य’ असं लिहायचं राहून गेलं होतं, आणि नकलेवर ते कधी उघडं पडलं नाही. एका ओळीची गोष्ट होती.

“पप्पा,” सपू म्हणाली, “सगळ्यांचे डबे कपाटात असतात. लोक थंड डबाच लावणार.”

“म्हणून म्हणतो. फोन लाव त्याला.”

प्रीतमचा फोन वाजत राहिला. सपूने परत लावला. चार वेळा लावला.  “उचलत नाय, पप्पा. त्याने लिहिले असणार सगळे.”

“चल,” बबनराव म्हणाले. त्यांनी माझ्या पिना काढल्या, मला भाजीच्या पिशवीत घातलं आणि चपला चढवल्या.

खाली रिक्षा मिळाली, शेअर नाही, स्पेशल. बबनरावांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत मी. कॅम्प पाच, कॅम्प चार, तेच खड्डे, तशाच गाई. पण त्यातलं काही बघायची तिघांपैकी कुणाची इच्छा नव्हती. सपू फोन लावतच होती. एका ठिकाणी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ती म्हणाली, “काल मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं.”

“कसं?”

“कारखाना नाही म्हणून.”

“नाहीच आहे कारखाना,” बबनराव म्हणाले. “तिथे मला चहा वेळेवर मिळायचा.”

प्रीतम दुकानात वाकून बसला होता. समोर चिपा लिहायचं यंत्र, त्यावर छोटा लाल दिवा लागलेला. सपू दारातूनच म्हणाली, “किती झाले?”

“चार. पाचवा लावतोय.” त्याने दोघांकडे पाहिलं. “क्या हुआ? काल लाइटच नव्हती इकडे रात्रीपर्यंत, तो आज बैठा. फोन आत चार्जिंगला आहे. अंकल, आप बैठो ना, असे का उभे?”

सपू दुकानाच्या पायरीवर बसली. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि हातांआडूनच हसत होती की रडत होती ते मला पिशवीतून दिसलं नाही. बबनरावांनी मोठा श्वास सोडला, आणि माझ्या पिशवीवरची त्यांची पकड पहिल्यांदा सैल झाली. फक्त चार. साठांपैकी फक्त चार. मित्रांनो, एवढं हलकं मला माझ्या उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि मी मुळात वजनाने हलकाच आहे.

बबनरावांनी प्रीतमला सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्याने माझ्याकडे बघितलं आणि कान धरला. “सॉरी, अंकल. मी डब्ब्याला नाव ठेवलं.”

“मला काय सॉरी? त्याला बोल.”

सपूने तिथेच त्याच्या कॉम्प्युटरवर बसून ती ओळ लिहिली. पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येते अशी एक तपासणीची कॅसेट प्रीतमकडे होती, तिच्यात खेळ भरला, ती माझ्या तोंडात बसवली. सगळं तयार झालं. आणि बबनराव म्हणाले, “आता अर्धा तास थांबायचं.”

“का?” प्रीतमने विचारलं.

“पाटी खराब व्हायला वेळ द्यायला पाहिजे. आत्ता लावलं आणि चाललं, तर काय कळणार? जरा आधी तू त्याच्यावर दुसरी कॅसेट लावून बघितलीस ना?”

खरंच, प्रीतमने माझी तब्येत बघायला एक कॅसेट लावून पाहिली होती. म्हणून मग मला बंद करून टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि तिघं माझ्याभोवती बसले. चहा आला. तो पिऊन झाला. दुकानात एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं, त्याला प्रीतमने दुपारी यायला सांगितलं. गिऱ्हाइकाने विचारलं, “क्या चल रहा है?” प्रीतम म्हणाला, “कुछ नहीं. डब्बा थंडा हो रहा है.” ते माणूस माझ्याकडे आणि या तिघांकडे बघत बघत निघून गेलं.

अर्ध्या तासाने सपूने माझं बटण दाबलं. मी चालू झालो. डोक्यात नेहमीचा कचरा होता, वाटेल ते आकडे. पण या वेळी खेळाने सुरुवातीलाच झाडू मारला. कोपऱ्यातल्या तिन्ही चौकटी रिकाम्या झाल्या. म्हातारीने हात केला, रिक्षाजवळ आली आणि चढली. रिक्षा थांबली. म्हातारी नीट बसली. मग रिक्षा सुटली.

 प्रीतमने हलकेच टेबलावर थाप मारली आणि बबनरावांना विचारलं, “लिहू, अंकल?” सपूला नाही, बबनरावांना. बबनरावांनी खिशातून पेन काढलं. वही उघडली.

तेव्हा सपू म्हणाली, “थांबा, पप्पा. एकदा चाललं म्हणजे पास नाही. परत अर्धा तास थांबूया.”

बबनरावांनी पेनाचं टोपण लावलं. ते म्हणाले, “हां. थांबूया.” प्रीतमने परत चहा सांगितला.

त्या दिवशी त्यांनी मला पाच वेळा थंड होऊ दिलं आणि पाच वेळा विचारलं. पाचही वेळा मी तेच उत्तर दिलं. संध्याकाळी छप्पन्न कॅसेट तयार झाल्या आणि वहीत सही झाली. रविवारी सपू पुण्याला गेली. सोमवारपासून निरोप यायला लागले, कुणाचा कोल्हापूरहून, कुणाचा नागपूरहून. कुणाला हॉर्न आवडला, कुणाला गाय. एकाने विचारलं की चौथी सीट का नाही, आणि ते मायाताईंना मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. पण प्रवासी चढत नाहीत, असं एकाही घरातून आलं नाही. सपू पुढचा खेळ लिहायला बसली आहे.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, धूळ पुसा, फुंकर मारू नका, हे सगळं मी सांगू शकतो, पण ते तुम्हाला कुणीही सांगेल. मला दुसरं सांगायचं आहे. कुणी ‘इथे काहीतरी चुकतंय’ म्हणतं, आणि नेमकं काय ते त्याला सांगता येत नाही. ते जुनं यंत्र असेल, घरातलं म्हातारं माणूस असेल, वर्गातला एखादा अडखळत बोलणारा मुलगा असेल. तो एकदा एक बोलेल, एकदा दुसरं. लगेच त्याला रद्दीवर ठेवू नका. अर्धा तास त्याच्याजवळ बसा आणि मग परत विचारा.

त्या दुकानात ती तिघं माझ्याजवळ बसली होती तेव्हा मी पूर्ण बंद होतो. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. पण ज्याच्या उत्तरासाठी तीन माणसं हातातली कामं सोडून वाट बघतात, त्याला कुणी भंगारात देत नाही, एवढं मला त्या अंधारातही कळत होतं.